शिफारस

पुसेगाव म्हटलं की पुण्यात सगळ्यांना साताऱ्याचंच आठवतं. सेवागिरी महाराजांची यात्रा, बैलबाजार, ते पुसेगाव. आमचं दुसरं, हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात. ही दुरुस्ती करणं मी कॉलेजातच सोडून दिलं होतं. पण फेब्रुवारी 2022 च्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अडीच वाजता, एका हेल्पलाइनवरच्या माणसाला मी ती तीन वेळा करून दिली. ‘सर, डिस्ट्रिक्ट हिंगोली. हिंगोली.’ माणूस सभ्य होता, तिन्ही वेळा ‘हां जी, हां जी’ म्हणाला. माझी बहीण तेव्हा खारकीवमध्ये एका मेट्रो स्टेशनात, जमिनीखाली होती, आणि मला का कुणास ठाऊक असं वाटत होतं की जिल्हा चुकला तर तिचं विमान चुकेल.

युद्धाबद्दल कधीतरी तिनंच लिहावं. मला लिहायचंय ते नंतर पाच महिन्यांनी आमच्या घरात आलेल्या एका कागदाबद्दल. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचा अहवाल. आणि तो वाचताना मी जी चूक केली तिच्याबद्दल.

ती 2019 मध्ये गेली. नीट पास होती, पण सरकारी कॉलेज मिळण्याइतके मार्क नव्हते आणि खासगी कॉलेजचा आकडा बाबांनी एकदाच ऐकला, परत विचारला नाही. युक्रेनमध्ये सहा वर्षांचं सगळं मिळून पंचवीस-तीस लाखांत बसत होतं. त्यातलं काही बँकेचं कर्ज, काही माझा पगार, आणि दोन एकर. दोन एकर म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही.

फेब्रुवारी 2022 मध्ये मी गावातच होतो. वर्क फ्रॉम होम चालू होतं; रेंज माडीवर यायची, तिथंच टेबल टाकलेलं. 15 फेब्रुवारीला कीवच्या भारतीय दूतावासाची सूचना आली: राहणं अत्यावश्यक नसेल त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं निघून जाण्याचा विचार करावा. तिच्या कॉलेजात वर्ग चालू होते, हजेरी लागत होती, आणि तिकिटाचा भाव रोज चढत होता. आम्ही तिघांनी फोनवर विचार केला आणि ‘बघू आठवडाभर’ असं ठरवलं. नंतर बाबा कितीतरी वेळा म्हणाले, ‘विचार करा म्हणले होते ना? विचार तर आपण केला की.’

24 तारखेला सकाळी बाबा शेतात हळद शिजवायला गेले होते. कुकर तापला होता, मजूर आले होते, ते काम अर्ध्यात टाकता येत नाही. मी गाडीवर जाऊन सांगितलं. ते काही बोलले नाहीत. ती खेप पूर्ण शिजवून, काढून, वाळत घालूनच घरी आले, आणि टीव्हीसमोर बसले ते पुढचे बारा-तेरा दिवस उठले नाहीत म्हटलं तरी चालेल. आई म्हणायची बंद करा तो टीव्ही, काळीज कुरतडतो. बाबा करत नव्हते. त्यांच्या डोक्यात मोसूल होतं. इराकमध्ये 2014 च्या जूनमध्ये अपहरण झालेले 39 भारतीय मजूर. त्यांच्यातून निसटलेला एक जण सांगत होता की बाकीच्यांना मारलंय. सरकार जवळजवळ चार वर्षं सभागृहात सांगत होतं की पुरावा मिळाल्याशिवाय आम्ही कुणाला मृत म्हणणार नाही. 20 मार्च 2018 ला सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं, सगळे गेले. आधी सभागृहाला सांगणं हे आपलं कर्तव्य, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे कित्येक घरांना ते टीव्हीवरून कळलं. बाबांचा निष्कर्ष सरळ होता: जे काही असेल ते आधी दिल्लीत बोललं जाईल, आणि आपल्याला इथं बसूनच ऐकावं लागेल.

1 मार्चला महाशिवरात्र होती. औंढ्याला दरवर्षी जाणारी आई त्या वर्षी गेली नाही. त्या दिवशी दुपारी खारकीवमध्ये कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्याचा एक विद्यार्थी मारला गेल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी दूतावासानं सांगितलं की खारकीव ताबडतोब सोडा, वाहन नसेल तर पायी निघा, तिथल्या संध्याकाळी सहाच्या आत पिसोचिन, बाबाये किंवा बेझल्युदिव्का गाठा. सर्वांत जवळचं पिसोचिन 11 किलोमीटर. म्हणजे पुसेगावातून निघून शेजारच्या दोन-तीन शिवारांपलीकडे, बर्फातून, डोक्यावर विमानं. ती चालली. आठवडाभरानं दिल्लीत उतरली.

ती घरी आली ती आपल्या परराष्ट्र खात्यामुळे. हे मी पहिल्यांदा लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल की हा कृतघ्न आहे. 15 मार्चला परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत निवेदन केलं: 22,500 भारतीय परत आले, 90 विमानं. त्याच निवेदनात आणखी एक आकडा होता. युद्ध सुरू व्हायच्या आधी साधारण 4,000 जण निघून गेले होते. मी माडीवर लॅपटॉपवर संसद टीव्ही लावून बसलो होतो. ऑफिसची मीटिंग म्यूट. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि विचारेल की 4,000 च का? बाकीचे का थांबले? ‘विचार करावा’ या शब्दांवर तिथल्या कॉलेजांशी काही बोलणं झालं होतं का?

लोकसभेत कुणी विचारलं नाही. विचारता येतच नाही, हे मला नंतर कळलं. लोकसभेच्या नियम 372 प्रमाणे मंत्र्यानं निवेदन केलं की त्या वेळी प्रश्न विचारायचे नाहीत. राज्यसभेत मात्र स्पष्टीकरणं मागायची प्रथा आहे. एकच निवेदन, एकच दिवस, एका इमारतीत दोन वेगळ्या रीती. सॉफ्टवेअरमध्ये असं असतं तर आम्ही त्याला बग म्हटलं असतं; तिथं ती परंपरा आहे.

तेव्हापासून मला हा नाद लागला. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला लॉग वाचायची सवय असते. यंत्रणा काय करते हे तिच्या जाहिरातीत दिसत नाही, लॉगमध्ये दिसतं. संसदेतली प्रश्नोत्तरं मला तशी वाटायला लागली. तारांकित प्रश्न दिवसाला वीस. त्यांना तोंडी उत्तर, आणि वर उपप्रश्न विचारता येतो. प्रत्यक्षात त्यातले चार-सहाच घेऊन होतात. अतारांकित 230 पर्यंत. त्यांना लेखी उत्तर, विषय संपला. परराष्ट्र खात्याची लोकसभेतली उत्तरं आता शुक्रवारी येतात. दोन-चार महिने वाचली की उत्तरांचं व्याकरण कळायला लागतं. (अ) ते (ड) असे चार नेमके प्रश्न असतात आणि खाली एकच सलग परिच्छेद, ज्यात चौघांपैकी दोघांचं उत्तर असतं. कोणत्या दोघांचं, ते वाचणाऱ्यानं शोधायचं. ‘सरकार या बाबीवर लक्ष ठेवून आहे’ याचा अर्थ अजून काही झालेलं नाही. आकडा दिला असेल तर तो नीट जपून ठेवायचा, कारण पुढच्या अधिवेशनात तो बदलला की कळतं.

5 आणि 6 एप्रिलला लोकसभेत युक्रेनवर नियम 193 खाली चर्चा झाली. या नियमाखाली चर्चा होते, मतदान होत नाही. मुलांच्या शिक्षणासाठी हंगेरी, रोमानिया, कझाकस्तान, पोलंडशी बोलणं चालू आहे, असं जयशंकर म्हणाले. आमच्या घरात त्या रात्री नकाशा उघडला गेला.

मग जुलै. आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचं लोकसभेतलं लेखी उत्तर: परदेशातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना भारतीय कॉलेजांत सामावून घेण्याची तरतूद कायद्यात नाही, आणि राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं तशी परवानगी दिलेली नाही. उत्तर देणाऱ्या बाई स्वतः डॉक्टर, दिंडोरीच्या खासदार, आपल्याच राज्यातल्या. उत्तरात संदिग्ध असं काही नव्हतं. मी ते वाचलं आणि बहिणीला पाठवलं नाही.

3 ऑगस्टचा अहवाल मात्र मी पाठवला.

पी. पी. चौधरी अध्यक्ष असलेल्या परराष्ट्र व्यवहार समितीनं म्हटलं होतं की युक्रेनहून आलेल्या मुलांना एकवेळचा अपवाद म्हणून भारतातल्या खासगी वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षण पूर्ण करू द्यावं, आणि परराष्ट्र मंत्रालयानं आरोग्य मंत्रालयाकडे तसा आग्रह धरावा. मी तो परिच्छेद पिवळा करून स्क्रीनशॉट घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ‘संसदेची समिती!!’ दोन उद्गारचिन्हं. तिनं तो मेसेज पिन केला. बाबांनी गावात चार जणांना सांगितलं.

इथं थोडं थांबून ही समिती काय असते ते सांगतो, कारण मला स्वतःला ते तेव्हा अर्धवटच माहीत होतं आणि त्या अर्धवटपणाची किंमत दुसऱ्यानं मोजली.

1993 पासून प्रत्येक खात्यामागे अशी एक समिती असते. 31 सदस्य, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे, सगळ्या पक्षांचे. बैठका बंद दाराआड. मंत्री येत नाहीत. सचिव येतात, साक्षीदार म्हणून बसतात. एरवी टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावणारे लोक तिथं बरेचदा एकमतानं लिहितात, कारण तिथं कॅमेरा नाही. दरवर्षी अर्थसंकल्पानंतर ही समिती खात्याच्या मागण्या तपासते. सभागृहात परराष्ट्र खात्याच्या खर्चावर चर्चा होईलच असं नाही. बहुतेक खात्यांच्या मागण्या शेवटच्या दिवशी गिलोटिन लावून एका झटक्यात मंजूर होतात. त्यामुळे पैसा कुठं गेला, माणसं किती, दूतावासात पदं रिकामी किती, हे ओळ न ओळ विचारलं जातं ते याच खोलीत. 2022-23 साठी खात्याला 17,250 कोटी मिळाले होते. मोठा आकडा वाटतो, पण देशाच्या अर्थसंकल्पातल्या शंभर रुपयांपैकी ते चव्वेचाळीस पैसे होतात. जगभर पसरलेल्या दूतावासांसाठी परराष्ट्र सेवेचे अधिकारी हजाराच्या आसपास. समिती हे पुन्हा पुन्हा लिहिते: माणसं कमी, पैसा कमी. फेब्रुवारीत रात्री अडीचला फोन उचलणारा तो माणूस मला त्या रकान्यांमध्ये दिसला, आणि त्याच्याबद्दल पहिल्यापेक्षाही बरं वाटलं.

समितीनं शिफारस केली की सरकारनं तीन महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. मग समिती दुसरा अहवाल काढते, त्यात प्रकरणं ठरलेली: सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, उत्तर ऐकून समितीनं सोडून दिलेल्या, ज्यांचं उत्तर समितीला पटलेलं नाही अशा, आणि ज्यांचं अंतिम उत्तर अजून यायचंय अशा. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्याकडे जिरावर तिकिटांची हीच वर्गवारी असते. फिक्स्ड, क्लोज्ड, रीओपन, पेंडिंग. आणि आमच्याकडे टेस्टर कितीही ओरडला तरी कोड बदलायचा की नाही हे टेस्टर ठरवत नाही.

समितीची शिफारस बंधनकारक नसते. हे मला 3 ऑगस्टला माहीत होतं. अगदी स्पष्ट नाही, पण माहीत होतं. शिवाय समिती परराष्ट्र खात्याची, आणि निर्णय आरोग्य खात्याचा. म्हणजे समिती ज्याला सांगत होती त्याच्याही हातात ते नव्हतं. त्यानं फक्त शेजारच्या खात्याचं दार वाजवायचं होतं. आणि शेजारच्या खात्यानं दोनच आठवड्यांपूर्वी त्याच लोकसभेत ‘तरतूद नाही’ असं लिहून दिलं होतं. दोन्ही कागद माझ्या एकाच फोल्डरमध्ये होते. घरच्या ग्रुपवर एकच गेला.

बाबांनी हिंदी अहवाल वाचायला घेतला. इंग्रजी त्यांना येत नाही. संसदेचे अहवाल इंग्रजी आणि हिंदीत असतात. पण ती हिंदी त्यांच्या ओळखीची नव्हती. दोन पानांवर त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, ‘शिफारस म्हणजे? आपल्याकडं सरपंचानं चिठ्ठी दिली तर काम होतंय. हे तर खासदार हायत. इतके खासदार म्हणल्यावर झालंच की.’

मी म्हणालो, ‘हो, वजन असतं बाबा त्याला.’

एवढंच बोललो.

6 सप्टेंबरला वैद्यकीय आयोगाची सूचना आली की मूळ युक्रेनियन विद्यापीठाची पदवी कायम ठेवून दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरतं शिकता येईल. तिच्या वर्गातल्या मुलामुलींनी लगेच धावपळ सुरू केली, कुणी जॉर्जिया, कुणी उझबेकिस्तान. ती थांबली. ‘दादा, समितीचं काय होतंय ते बघू ना. सुप्रीम कोर्टातही तोच अहवाल दाखवलाय.’ तो दाखवला होता, हे खरं. मुलांच्या याचिकेत 3 ऑगस्टच्या त्या अहवालाचा आधार घेतला होता.

सप्टेंबरच्या मध्याला केंद्राचं प्रतिज्ञापत्र आलं. सामावून घेता येणार नाही. कारणांमध्ये कायदा होताच, पण आणखी एक परिच्छेद होता: ही मुलं परदेशात गेली ती दोन कारणांनी, नीटमधली कमी गुणवत्ता आणि परवडणारी फी, अशा कमी गुणवत्तेच्या मुलांना इथल्या नामांकित कॉलेजांत घेतलं तर बाकीचे कोर्टात जातील. युक्तिवाद म्हणून तो चुकीचा होता असं मी आजही छातीठोकपणे म्हणू शकत नाही. नीटला तिच्यापेक्षा दहा मार्क जास्त पडूनही घरी बसलेली मुलगी आमच्याच तालुक्यात असेल. तिच्या बापानं काय म्हणायचं? पण तो परिच्छेद मला बाबांना मराठीत वाचून दाखवायचा होता, आणि ती शेजारच्या खोलीत होती. मी फीचं कारण वाचलं. दुसरं गाळलं.

रात्री तिचा मेसेज आला. ‘मी इंग्रजी वाचते, दादा.’

तोवर शरद ऋतूतले प्रवेश संपले होते. तिचे सहा महिने गेले. दुसऱ्याच्या शेतात पाणी सोडायचं म्हणून सांगून आपणच मोटार बंद ठेवावी, तसं काहीतरी मी केलं होतं. मार्च 2023 मध्ये सरकारनं सुप्रीम कोर्टात शेवटच्या वर्षाच्या मुलांना एकवेळची संधी मान्य केली, इथं परीक्षा आणि मग दोन वर्षांची इंटर्नशिप. ती तिसऱ्या वर्षाला होती, तिला ते लागू नव्हतं. ती तोवर तिबिलिसीला पोहोचली होती.

मग हे सगळं बघण्या-विचारण्याचा उपयोग काय, असं मला एका मित्रानं विचारलं. तो कोडिंगपलीकडे काही वाचत नाही, पण प्रश्न बरोबर होता. मी त्याला 1962 सांगितलं. युद्ध चालू असताना, 8 नोव्हेंबर 1962 ला, लोकसभेचं अधिवेशन सुरू झालं. बैठक गुप्त घ्यावी अशी मागणी होती, नेहरूंनी ती नाकारली, आणि 165 सदस्य बोलले. त्यानं चिनी सैन्य मागं गेलं नाही. पण कोण काय बोललं हे आज वाचता येतं. उलट, यशवंतराव चव्हाण परराष्ट्रमंत्री होते त्याच काळात आणीबाणी आली आणि प्रश्नोत्तराचा तास थांबला. आपला माणूस त्या खुर्चीवर असताना त्याला कुणी तोंडी विचारू शकत नव्हतं. आणि सप्टेंबर 2020, गलवाननंतरचं पहिलं अधिवेशन: कोविडमुळे प्रश्नोत्तराचा तास नाही, फक्त लेखी उत्तरं. हिवाळी अधिवेशन झालंच नाही. त्या लॉगमध्ये तिथं भोक आहे. मित्र म्हणाला, बरं, पण तुझ्या बहिणीचे सहा महिने? त्यावर माझ्याकडे काही नव्हतं.

तिच्याशी मी हे एकदाच बोललो, ती सुट्टीत आली होती तेव्हा, शेतात, हळदीच्या ढिगाशी. मी माफी मागितली म्हणायला हरकत नाही. ती म्हणाली की स्क्रीनशॉटचा राग तिला कधीच आला नाही. ‘तो परिच्छेद वाचून बरं वाटलं होतं. कुणीतरी लिहिलं होतं ना, की आमचं काहीतरी करा.’ राग आला तो जुलैचं उत्तर मी लपवलं त्याचा. ते तिला तिच्या मैत्रिणीकडून डिसेंबरमध्ये कळलं. ‘मला दोन्ही दिले असते तर मीच ठरवलं असतं.’

आता तिचं शिक्षण झालंय. एफएमजीईची तयारी चालू आहे. ती परीक्षा पास झाल्याशिवाय इथं डॉक्टरकी नाही. दोन एकरांपैकी एक सुटलंय.

अधिवेशन चालू असलं की शुक्रवारी रात्री बाबांचा फोन येतो. हा त्यांचा नाद माझ्यामुळे.

‘आज शुक्कर हाय ना? काय विचारलं?’

मागच्या वेळी मी त्यांना एक उत्तर वाचून दाखवलं. कंबोडिया, म्यानमार, लाओस. नोकरीच्या जाहिराती बघून गेलेली आणि तिथं सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर अडकलेली भारतीय मुलं. दूतावासांनी किती सोडवून आणली त्याचा आकडा होता. यावेळी मी सगळं वाचलं, उत्तर न दिलेला (क) सुद्धा.

‘कोणत्या गावची हायत पोरं?’

‘गावं नाही दिली बाबा. देशाप्रमाणे आकडा आहे नुसता.’

‘मग विचारा म्हणावं,’ ते म्हणाले, आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून फोन आईकडे दिला.